खडक चढला, अंतर उरले: इलेक्ट्रिक पिकअप की पारंपरिक ऑफ-रोड ट्रक?

सप्टेंबर २०२१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावच्या कारखान्यातून ‘रिव्हियन आर१टी’ ग्राहकांच्या हाती पडू लागली. विजेवर चालणारी आधुनिक पिकअप अमेरिकी बाजारात प्रत्यक्ष विकत मिळण्याची ही पहिली वेळ होती. ही गाडी खडकाळ, चिखलाच्या, वाळूच्या वाटांसाठीच बांधलेली होती. चार चाकांना चार स्वतंत्र मोटरी, ८३५ अश्वशक्ती, हवेच्या दाबावर उंच-सखल होणारे सस्पेन्शन आणि तीन फुटांहून खोल पाण्यातून जाण्याची क्षमता तिच्यात होती. तोवर डोंगरात किंवा वाळवंटात गाडी घेऊन जाणाऱ्या अमेरिकी माणसाला जीप, टोयोटा, शेवरोले किंवा फोर्ड यांतून एक निवडावी लागे. आता त्याला आधी ठरवावे लागते की इंजिन घ्यायचे की बॅटरी.

या निवडीवर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते. इलेक्ट्रिकचे चाहते अश्वशक्ती आणि वेगाचे आकडे पुढे करतात, तर इंजिनवाले रानात बॅटरी संपली तर काय, असे विचारतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. गाडी खडक चढेल का, हा एक प्रश्न. खडकापर्यंत पोचून घरी परत येईल का, हा दुसरा. आणि वर्षाचे उरलेले दिवस ती परवडेल का, उपयोगी पडेल का, हा तिसरा. हे प्रश्न सुटे करून पाहिले की निवड बरीच सोपी होते. पहिला प्रश्न इलेक्ट्रिकने जवळपास सोडवला आहे, असे माझे मत आहे. खरी कसोटी दुसऱ्यात आहे, आणि तिसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून द्यायचे आहे.

दोन घराणी

अमेरिकेत पिकअपला सरसकट ट्रक म्हणतात. तिथे ती शेतकऱ्याची, सुताराची, कंत्राटदाराची गाडी आहे आणि सुट्टीत तंबू घेऊन निघणाऱ्या कुटुंबाचीही. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथली सर्वाधिक खपाची ट्रक आहे. या बाजाराला एका जुन्या कराचे कुंपणही आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला, त्याला प्रत्युत्तर म्हणून १९६४ पासून अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. त्यामुळे परदेशी पिकअप तिथे सहजासहजी येत नाहीत. आपल्याकडे २०२२ पासून मिळणारी टोयोटा हायलक्स तिथे विकली जात नाही. तिथल्या ग्राहकासाठी टोयोटा १९९५ पासून टाकोमा ही वेगळी पिकअप बनवते.

ऑफ-रोड गाड्यांचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये आहे. हीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत जुळवायला घेतली. अमेरिकेत युद्धानंतर तिच्याभोवती एक संस्कृतीच उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ पासून जीपचा मेळावा भरतो, तर युटा राज्यातल्या मोॲब गावी १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाले जमतात. आजच्या इंजिनवाल्या गाड्या या परंपरेतूनच आल्या आहेत आणि प्रत्येकीचे काम ठरलेले आहे. जीप ग्लॅडिएटर रुबिकॉन खडकांसाठी, फोर्ड एफ-१५० रॅप्टर वाळवंटातल्या वेगासाठी आणि टाकोमा ट्रेलहंटर अनेक दिवसांच्या दूरच्या प्रवासासाठी. शेवरोले कोलोरॅडो झेडआर२ या सगळ्यांमधले थोडे थोडे देते.

इलेक्ट्रिक गाड्यांमध्येही असेच वेगवेगळे स्वभाव आहेत. आर१टीपाठोपाठ डिसेंबर २०२१ मध्ये जीएमसी हमर ईव्ही आली. २०२२ च्या वसंतात फोर्ड एफ-१५० लाइटनिंग आली, नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस टेस्ला सायबरट्रक. शेवरोले सिल्व्हराडोचीही इलेक्ट्रिक आवृत्ती आहे. मात्र लाइटनिंग आणि सिल्व्हराडो या मुळात रस्त्यावरच्या, कामाच्या गाड्या आहेत. खडकाळ वाटेसाठी मुद्दाम घडवलेल्या म्हणायच्या तर आर१टी आणि हमर. तेव्हा खरी तुलना आर१टीसारखी गाडी आणि ग्लॅडिएटर किंवा टाकोमा यांच्यात करायला हवी.

खडकावर काय घडते

खडकावरून गाडी नेताना चाक अगदी हळू आणि भरपूर जोराने फिरावे लागते. पेट्रोल इंजिनाला हे जमत नाही, कारण कमी फेऱ्यांवर ते दमते आणि बंद पडते. म्हणून या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस असते आणि तिच्यात चाक हळू पण जोराने फिरवणारा लो रेंजचा वेगळा गिअर. ग्लॅडिएटर रुबिकॉनमध्ये हा गिअर ४:१ प्रमाणाचा आहे. पूर्वी मिळणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या आवृत्तीत सगळे गिअर एकत्र धरले तर इंजिनाच्या ८४ फेऱ्यांमागे चाक एक फेरी घेई. त्यामुळे गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकू शकते.

दुसरा भाग डिफरेन्शियलचा. एक चाक हवेत लटकले की साधे डिफरेन्शियल सगळा फिरवा त्याच मोकळ्या चाकाकडे सोडते आणि जमिनीवरचे चाक जागच्या जागी राहते. लॉकर लावला की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि जमिनीवरचे चाक गाडी ओढून नेते. ग्लॅडिएटर रुबिकॉनला पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर आहेत. शिवाय तिचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड आहेत. एक चाक खडकावर चढले की अ‍ॅक्सलच्या पलीकडचे चाक आपोआप खाली दाबले जाते आणि चारही चाके जमीन धरून राहतात. बटण दाबून पुढचा स्वे बार, म्हणजे गाडीच्या कलण्याला आवर घालणारी दांडीही, सोडता येते, त्यामुळे चाकांना आणखी मोकळीक मिळते.

इलेक्ट्रिक मोटर यातले पहिले कोडे मुळातच सोडवते. ती शून्य वेगापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे लो रेंज लागत नाही, क्लच नाही, इंजिन बंद पडण्याची धास्ती नाही. चार मोटरींच्या आर१टीत प्रत्येक चाकाला किती जोर द्यायचा हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. पाय पेडलवरून उचलला की मोटरच गाडीला रोखते आणि उतारावर ऊर्जा बॅटरीत परत येते. लांब उतारावर ब्रेक तापण्याची काळजी बरीच कमी होते. नवख्या माणसाला लॉकर कधी लावायचा, कोणत्या गिअरमध्ये उतरायचे हे शिकायला अनेक सहली लागतात. इथे त्यातले बरेचसे गाडीच सांभाळते.

पण काही मर्यादा आहेत. लॉकर लावलेल्या अ‍ॅक्सलवर एक चाक हवेत गेले तरी इंजिनाचा सगळा जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. चार मोटरींच्या गाडीत लटकलेल्या चाकाची मोटर शेजारच्या चाकाला मदत करू शकत नाही, प्रत्येकाला आपले आपणच बघावे लागते. आर१टीच्या मोटरी दांडग्या असल्याने हे सहसा अडत नाही. दुसरी मर्यादा सस्पेन्शनची. स्वतंत्र सस्पेन्शनची चाके अखंड अ‍ॅक्सलइतकी खाली पोचत नाहीत. हवेवर गाडी पूर्ण उंच केली की पोटाखाली सुमारे पंधरा इंच जागा मिळते खरी, पण त्या उंचीवर चाकाला आणखी खाली झुकायला फारशी जागा उरत नाही आणि ते लवकर जमीन सोडते. तिसरे म्हणजे, बॅटरी काठोकाठ भरलेली असताना उतार लागला तर परत येणारी ऊर्जा साठवायला जागा नसते आणि ब्रेकवर भार येतो.

बहुतेक लोक ज्या मध्यम आणि अवघड वाटांवर जातात, तिथे चांगली इलेक्ट्रिक पिकअप आणि चांगली इंजिनवाली ट्रक बरोबरीच्या आहेत. काही ठिकाणी इलेक्ट्रिक सरस आहे. रुबिकॉन ट्रेलवर मात्र मोठाले धोंडे झाडांच्या दाटीतून ओलांडावे लागतात. तिथे हलकी, अखंड अ‍ॅक्सलची, ओरखडा पडला तरी जीव कळवळू नये अशी जीपच अधिक शहाणपणाची.

वजन, वाळू, पाणी

चार मोटरींची आर१टी सुमारे ३,२०० किलोंची, तर ग्लॅडिएटर रुबिकॉन सुमारे २,३०० किलोंची. हमर ईव्ही ४,१०० किलोंच्या आसपास जाते. बॅटरी गाडीच्या तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि तिरक्या उतारावर गाडी उलटण्याची भीती कमी होते. बॅटरीखालचा सपाट, भक्कम तळ खडकावर घासला तरी अडकत नाही. पण वाळू आणि चिखल या वजनाला माफ करत नाहीत. टायरमधली हवा कमी करून जमिनीवर जास्त पसरायचे, हा उपाय दोन्हीकडे सारखाच. फरक असा की जड गाडी आधी रुतते आणि रुतली की तिला ओढून काढायला तितकीच मोठी गाडी, दणकट पट्टा आणि मजबूत विंच लागते. सोबतीला एखादी छोटी जीप असेल तर हा हिशोब निघण्याआधीच करायला हवा.

पाण्यात मात्र इलेक्ट्रिक निःसंशय पुढे आहे. इंजिनाला श्वास घ्यायला हवा लागते. ते पाणी ओढून बसले तर आतल्या दांड्या वाकतात आणि मोठे नुकसान होते. ग्लॅडिएटरला अधिकृत मर्यादा सुमारे तीस इंचांची आहे. मोटर आणि बॅटरी पूर्ण बंदिस्त असल्याने आर१टी तीन फुटांच्या वर जाते.

एका गोष्टीची चर्चा मला अपुरी वाटते, ती म्हणजे शांतता. इंजिनाची घरघर नसेल तर टायर दगडावर कुठे घसरतोय ते ऐकू येते. बाहेर उभा राहून दिशा सांगणाऱ्या सोबत्याचा आवाज ऐकू येतो. रानातल्या प्राण्यांना आणि इतर माणसांनाही त्रास कमी होतो. ज्या जागेच्या ओढीने आपण इतक्या लांब येतो, तिला कमीत कमी धक्का लावणे हे आपले काम आहे, आणि यात इलेक्ट्रिक गाडी खरोखर मदत करते.

अंतराचा हिशोब

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजमापानुसार एक गॅलन पेट्रोल म्हणजे ३३.७ किलोवॉट-तास ऊर्जा. पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा कॅन मागे बांधला तर जवळपास १६८ किलोवॉट-तास ऊर्जा सोबत येते. त्या पेट्रोलचे वजन अवघे १४ किलो. आर१टीच्या मूळ मोठ्या बॅटरीची एकूण क्षमता सुमारे १३५ किलोवॉट-तास. इंजिन पेट्रोलमधली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत वाया घालवते, हे खरे. तरी त्या एका कॅनवर टाकोमा हमरस्त्याने शंभर मैल जाऊ शकते. बॅटरीवाल्याला असा कॅन बांधून नेता येत नाही. दोन्ही तंत्रज्ञानांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

मूळ आर१टीचा अधिकृत पल्ला ३१४ मैल, म्हणजे सुमारे ५०५ किलोमीटर होता. नंतर आलेल्या सर्वात मोठ्या बॅटरीवर तो ४२० मैलांपर्यंत गेला. खडकाळ वाटेवर हा पल्ला पूर्ण कोसळतो, असा एक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. मुंगीच्या चालीने खडक चढताना हवेचा अडथळा नसतो आणि थांबलेली मोटर जवळजवळ काहीच खात नाही. उलट इंजिन थांबल्या जागीही पेट्रोल जाळत असते. बॅटरी खरी संपते ती खोल वाळूत, चिखलात, जाड खाचांच्या टायरवर, छतावर तंबू लादून हमरस्त्याने ताशी सत्तर मैलांनी जाताना आणि कडाक्याच्या थंडीत. ही कारणे एकत्र आली की अधिकृत पल्ला निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

म्हणजे वाट किती अवघड आहे याहून ती शेवटच्या चार्जरपासून किती लांब आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते. युटातले दोन रस्ते घ्या. दोन्ही कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातले. व्हाइट रिम रोड हा सुमारे शंभर मैलांचा फेरा. मोॲब गावात फास्ट चार्जर आहेत. तिथून बॅटरी भरून निघालेली गाडी हा फेरा करून परत येऊ शकते. त्याच उद्यानातला मेझ हा भाग मात्र वेगळा. हमरस्ता सोडल्यावर ४६ मैल कच्च्या रस्त्याने वनरक्षकांची चौकी येते आणि खरी अवघड वाट तिच्यापुढे सुरू होऊन आणखी कित्येक तास चालते. तिथे तीन-चार दिवस राहायचे, भटकायचे आणि परत यायचे, तर पेट्रोलचे दोन कॅन घेतलेली टाकोमा निर्धास्त असते. बॅटरीवाल्याला प्रत्येक वळणाचा हिशोब ठेवावा लागतो. अलास्कातल्या डाल्टन हायवेवर कोल्डफुट ते डेडहॉर्स या २४० मैलांत इंधन, खाणे, मदत काहीच मिळत नाही. हिवाळ्यात तिथे बॅटरीवर भरवसा ठेवून जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

२०१९ मध्ये यूआन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे अभिनेते अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयापासून लॉस एंजेलिसपर्यंत इलेक्ट्रिक मोटरसायकलींवर आले. ‘लाँग वे अप’ या मालिकेत तो प्रवास दिसतो. सोबत आर१टीचे आरंभीचे नमुने होते. गाड्यांनी वाटा पार केल्या. जीव मेटाकुटीला आणला तो चार्जिंगने, विशेषतः पॅटागोनियाच्या थंडीत.

ट्रेलर ओढायचा असेल तर हिशोब आणखी कडक होतो. आर१टीची ओढण्याची क्षमता ११,००० पौंड, म्हणजे जवळपास पाच टन. टाकोमाची तीन टनांच्या आसपास. ताकदीचा प्रश्नच नाही. पण उंच कॅम्पर ट्रेलर मागे लावला की हवेच्या अडथळ्याने पल्ला साधारण निम्मा होतो. ३१४ मैलांचे दीडशे उरतात. फास्ट चार्जरवर सहसा १० ते ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण त्यापुढे चार्जिंग मंदावते. म्हणजे हाती उरले शंभर-एकशेदहा मैल आणि दर टप्प्याला सुमारे चाळीस मिनिटे. त्यात बहुतेक चार्जर मोटारींच्या मापाने बसवलेले असतात, त्यामुळे ट्रेलर सोडून बाजूला लावावा लागतो. नियमित लांब पल्ल्यावर ट्रेलर ओढणाऱ्याने आज इंजिनच घ्यावे.

दिलासा देणाऱ्याही गोष्टी आहेत. मार्च २०२४ पासून रिव्हियनच्या गाड्यांना टेस्लाचे सुपरचार्जर खुले झाले. अमेरिकेतल्या अनेक कॅम्पग्राउंडवर मोठ्या कॅम्परसाठी ५० अँपिअरचे कनेक्शन असते. त्यावर साधारण साडेनऊ किलोवॉटने रात्रभरात बरीच बॅटरी भरते. मुक्काम अशा जागी ठेवून दिवसा आसपासच्या वाटा करायच्या, ही पद्धत इलेक्ट्रिकला उत्तम मानवते.

बिघाड आणि दुरुस्ती

जुन्या जीपवाल्यांच्या पेटीत स्पॅनर, युनिव्हर्सल जॉइंट, पट्टे आणि तारा असतात. गाडी वाटेत तुटली तर तिथेच खटपट करून ती गावापर्यंत आणता येते, आणि गावातला कोणताही मेकॅनिक ती ओळखतो. बाजारात सुटे भाग, बंपर, उंच सस्पेन्शन भरपूर मिळतात. इलेक्ट्रिक गाडीत झिजणारे भाग फार थोडे. ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, गिअरबॉक्सची कटकट कमी. पण जे बिघडते ते बहुधा इलेक्ट्रॉनिक्स किंवा सॉफ्टवेअरमध्ये, आणि रानात बसून ते दुरुस्त होत नाही. कंपनीचे सेवा केंद्र कित्येकांना शेकडो मैल दूर पडते. आर१टीच्या बॉडीचे मोठे पत्रे एकसंध असल्यामुळे मागच्या साध्या ठोकरीचाही खर्च फार मोठा येऊ शकतो. झाडाझुडपांतून, खडकांना घासत जायचे असेल तर विम्याचा हप्ता आधी विचारून घ्यावा.

पैशाचा ताळेबंद

शंभर मैलांना आर१टी साधारण ४८ किलोवॉट-तास वीज घेते. घरच्या विजेचा दर युनिटला सतरा सेंट धरला तर खर्च आठ डॉलर. गॅलनला वीस मैल देणाऱ्या ट्रकला, पेट्रोल सव्वातीन डॉलर धरून, सोळा डॉलर लागतात. म्हणजे घरी चार्ज करणाऱ्याचा खर्च निम्मा. पण हमरस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा दर पन्नास सेंटच्या आसपास असतो. तिथे त्याच शंभर मैलांना चोवीस डॉलर पडतात, पेट्रोलच्या दीडपट. घरी चार्जर नसलेल्या अपार्टमेंटवासीयाने हा आकडा नीट पाहावा, कारण त्याच्यासाठी बचतीचे सगळे गणित उलटे होते.

गाडीची किंमत पाहिली तर आर१टी सत्तर हजार डॉलरच्या आसपास सुरू होते. साधी टाकोमा त्याच्या निम्म्याहून कमी, पण ऑफ-रोडचा सगळा साज असलेली टीआरडी प्रो पासष्ट हजारांच्या घरात. घरी चार्ज करून वर्षाला बारा हजार मैल चालवणारा वर्षाकाठी जवळपास हजार डॉलर वाचवतो. म्हणजे टीआरडी प्रोशी तुलना केली तर वरचे पैसे पाच-सहा वर्षांत निघतात. साध्या टाकोमाशी केली तर इंधनाच्या बचतीतून कधीच निघत नाहीत. फेडरल सरकारची ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. पुनर्विक्रीत टाकोमा आपली किंमत टिकवण्यासाठी प्रसिद्ध आहे, तर इलेक्ट्रिकची किंमत झपाट्याने उतरते. विकत घेताना सेकंड-हँड आर१टी शोधणाऱ्याला मात्र हीच गोष्ट फायद्याची.

आपल्यापलीकडचे परिणाम

मिशिगन विद्यापीठ आणि फोर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अमेरिकेपुरता केलेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. पेट्रोल पिकअपच्या जागी इलेक्ट्रिक पिकअप आली तर तिच्या पूर्ण आयुष्यात सरासरी ७४ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टळते, असे त्यात दिसले. यात बॅटरी बनवतानाचे उत्सर्जनही धरलेले आहे. साध्या सेडानमध्ये ही बचत ४५ टन होती. गाडी जितकी मोठी आणि इंधनखाऊ, तितका तिला विजेवर आणण्याचा लाभ मोठा. ट्रकवाल्यांच्या निवडीने फरक पडतो तो यामुळे.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आर१टी ताशी साठ मैलांहून अधिक वेगाने रस्त्याकडेच्या पोलादी कठड्यावर आदळवून पाहिली. कठडा फाडून गाडी पलीकडे गेली. हे कठडे इतक्या वजनासाठी बांधलेलेच नाहीत. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जड इलेक्ट्रिक गाड्यांच्या धोक्याकडे लक्ष वेधले होते. हमर ईव्हीची नुसती बॅटरीच एका होंडा सिव्हिकइतकी जड आहे, असे त्यांनी दाखवून दिले. पायी चालणाऱ्या माणसाला आणि समोरच्या लहान गाडीला हे वजन जिवावर बेतू शकते. पल्ला वाढवण्यासाठी बॅटरी फुगवत जायचे, हा मार्ग मला चुकीचा वाटतो.

मधली वाट

निव्वळ मोठ्या बॅटरीच्या मर्यादा उत्पादकांनाही उमगल्या आहेत. २०२४ मध्ये लाइटनिंगचा खप ३३ हजारांच्या आसपास होता, तर संपूर्ण एफ-सिरीजचा सात लाखांहून अधिक. सप्टेंबर २०२५ मध्ये रॅम कंपनीने पूर्ण इलेक्ट्रिक मोठ्या पिकअपचा बेत सोडला, आणि डिसेंबरमध्ये फोर्डने जाहीर केले की पुढची लाइटनिंग जनरेटर असलेली असेल. चाके मोटरच फिरवते आणि बॅटरी उतरली की छोटे पेट्रोल इंजिन वीज तयार करते, अशी ही रचना आहे. फोक्सवॅगनच्या मालकीच्या स्काउटने ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखवलेल्या टेरा पिकअपलाही हा पर्याय आहे, आणि आगाऊ नोंदणी करणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी तोच निवडला. मोटरचा जोर आणि पेट्रोलच्या कॅनची निश्चिंती या गाड्या एकत्र आणू पाहतात. ज्याला घाई नाही आणि ज्याचे मन दोन्हीकडे ओढते, त्याने एक-दोन वर्षे थांबण्यात तोटा नाही.

निवड कशी करावी

आपली गरज आधी प्रामाणिकपणे पाहावी. अमेरिकी ट्रकमालकांविषयी स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या सर्वेक्षणात सुमारे ७० टक्के मालक वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा ऑफ-रोड जातात आणि ७५ टक्के मालक तितक्याच क्वचित काही ओढतात, असे दिसले. गाडी मात्र आपण त्या एका दिवसाकडे पाहून घेतो.

मी एक साधी कसोटी सुचवेन. येत्या दोन वर्षांत खरोखर जायच्या असलेल्या सर्वात दूरच्या वाटेचा नकाशा काढा. शेवटच्या फास्ट चार्जरपासून वाटेच्या तोंडापर्यंतचे जाण्या-येण्याचे अंतर आणि प्रत्यक्ष वाटेचे अंतर यांची बेरीज करा. ती बेरीज गाडीच्या अधिकृत पल्ल्याच्या निम्म्यात बसत असेल, घरी चार्जर लावता येत असेल आणि मोठा ट्रेलर नेहमी ओढायचा नसेल, तर इलेक्ट्रिक पिकअप घ्या. कामावर जाणे, बाजारहाट, मुलांची ने-आण या रोजच्या वापरात ती स्वस्त, स्वच्छ आणि सुखाची आहे. लाइटनिंगसारखी गाडी तर वादळात वीज गेली असता ९.६ किलोवॉटपर्यंत वीज घराला देऊ शकते. पण वरच्या तीन अटींपैकी एखादी जरी मोडत असेल तरी टाकोमा किंवा ग्लॅडिएटर घ्यायला संकोच नको.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही हा प्रश्न आहे. बे एरियातून टाहोला, डॅलसहून बिग बेंडला, डेन्व्हरहून मोॲबला जाणारी कितीतरी घरे आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे आधीच एक पेट्रोल किंवा हायब्रिड गाडी असते. अशा घराला दुसरी गाडी इलेक्ट्रिक घेणे सोपे जाते, कारण वर्षातल्या एखाद्या लांबच्या प्रवासाला पहिली गाडी आहेच. महाराष्ट्रात पिकअप प्रामुख्याने मालवाहतुकीची, पण तर्क तोच लागू पडतो. २०२२ मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीची बॅटरी २१.३ किलोवॉट-तासांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. ठरलेल्या मार्गावर फिरून रोज रात्री गोदामात परतणाऱ्या गाडीला तो पुरतो. बाजार समितीकडून दूरच्या गावी अवेळी जाणाऱ्या गाडीला पुरत नाही.

इलेक्ट्रिक पिकअपला आता आणखी हजार अश्वशक्तीची गरज नाही. तिला हलकी, लहान, मध्यमवर्गाला परवडणारी व्हायला हवे, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशद्वारांशी, शेवटच्या पेट्रोल पंपांवर, वनरक्षकांच्या चौक्यांजवळ ट्रेलरसह उभे राहता येईल असे चार्जर हवेत. हे काम सरकार, उद्यान व्यवस्थापन आणि कंपन्या यांनी मिळून केले, तर आज ज्यांना मी इंजिन घ्या म्हणतो त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढच्या वेळी वेगळा सल्ला देता येईल. तो देण्याची वेळ लवकर यावी, असे मला मनापासून वाटते.